एकटीला सोडायला हरकत नाही

मोठ्या सिस्टर जळत होत्या, हे त्या हॉस्पिटलच्या भिंतींनासुद्धा ठाऊक होतं. ठाऊक त्यांनाही होतं, पण कबूल कोण करणार? एकोणीस वर्षं कॅज्युअल्टी सांभाळलेल्या बाईने कालच्या पोरीवर जळायचं म्हणजे काय, शोभतं का ते?

हॉस्पिटल चौदा खाटांचं, शहरापासून तीन तास लांब. मोठ्या कॉलेजात तातडीच्या उपचारांचं शिक्षण घेणारे डॉक्टर सहा-सहा महिने इथे यायचे. पुढे त्यांना आडगावी नाहीतर परदेशातल्या छावण्यांत काम करायचं असायचं, जिथे मशीन नाही आणि विचारायला वरचं कुणी नाही. “आपल्याकडे स्कॅनचं मशीन नाही, म्हणूनच त्यांना इकडे पाठवतात,” असं इथले मोठे डॉक्टर मोठ्या अभिमानाने सांगायचे. मशीन नसल्याचा अभिमान बाळगणारा हा जगातला एकच माणूस असावा.

कॅज्युअल्टीच्या टेबलावर एक जाड काळी वही असायची. तीही मोठ्या डॉक्टरांचीच कल्पना. नवा डॉक्टर कितीही शिकून आलेला असो, सिस्टर वहीत त्याच्या नावापुढे ‘एकट्याला सोडायला हरकत नाही’ असं लिहीत नाहीत तोवर त्याने घशात नळी घालण्यासारखी मोठी कामं एकट्याने करायची नाहीत. मोठे डॉक्टर नाहीतर मोठ्या सिस्टर शेजारी उभ्या हव्यात. ती ओळ नसेल तर कॉलेजही त्याला पुढे पाठवायचं नाही. “ज्ञान मी तपासतो,” मोठे डॉक्टर म्हणायचे, “पण हात कधी थरथरायचा थांबला ते सिस्टरनाच कळतं.” अशा बावीस ओळी सिस्टरांनी लिहिल्या होत्या. बावीस डॉक्टर रडवले, घडवले आणि पाठवले.

तेविसावी आली आणि घोडं अडलं.

सिस्टरांनी मनातल्या मनात तिचं नाव साखरबाई ठेवलं. बोलणं मऊ, चालणं मऊ, आणि बाई जिथे उभी तिथे माणसांचा घोळका. महिनाभरात पेशंट दारातूनच विचारायला लागले, “त्या डॉक्टरबाई आहेत का?” हॉस्पिटलातल्या आयाबाई, ज्यांना सगळे मावशी म्हणत आणि ज्यांनी एकोणीस वर्षांत सिस्टरांना कधी आयता चहा दिला नव्हता, त्या साखरबाईंसाठी चहावर झाकण ठेवायला लागल्या. झाकण! सिस्टरांनी ते पाहिलं आणि आपला चहा मोरीत ओतला.

तरी तेवढ्यावर भागलं असतं. पण सिस्टरांची सुट्टी होती त्या दिवशी त्यांच्या नवऱ्याच्या बोटात लाकडाची बारीक फास घुसली. नवरा सुतार; लाकडाशी संसार, त्यामुळे फास, खिळा, पटाशी काही ना काही लागायचंच. वीस वर्षं त्याची बोटं सिस्टरच बांधत होत्या, “हलू नकोस म्हटलं ना” असं ओरडत. त्या दिवशी सिस्टर बाजारात गेलेल्या, म्हणून हा गेला हॉस्पिटलात. संध्याकाळी जेवताना बोट वर धरून म्हणतो कसा, “काय हलका हात आहे गं त्या डॉक्टरबाईंचा. फास निघाली ते कळलंसुद्धा नाही.”

“मग आता रोज तिकडेच जा,” सिस्टर म्हणाल्या आणि ताट उचललं. त्याचं जेवण संपलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी वही उघडली. साखरबाईंची ओळ लिहायची वेळ तीन आठवड्यांपूर्वीच होऊन गेली होती. हात स्थिर, डोकं शांत, माणूस शुद्धीवर असो-नसो त्याला सांगितल्याशिवाय सुई टोचायची नाही. सगळं सगळं बरोबर. सिस्टरांनी पेन उचललं आणि लिहिलं, ‘घाई करते.’ धडधडीत खोटं. ती पोर घाई करत असती तर सिस्टर तिच्यावर जळल्याच नसत्या.

मोठ्या डॉक्टरांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं. “घाई? ही?” एवढंच विचारलं. सिस्टर म्हणाल्या, “मी शेजारी उभी असते, तुम्ही नाही.” डॉक्टरांना ते मानावंच लागलं. नियम त्यांचाच होता. साखरबाईंची परदेशातल्या छावणीसाठी निवड झालेली; कॉलेजला शुक्रवारपर्यंत कागद हवे होते. शुक्रवार हुकला तर जागा दुसऱ्याला जाणार. साखरबाईंनी एकदाच विचारलं, “सिस्टर, माझं कुठे चुकतंय ते दाखवाल का?” आणि सिस्टर म्हणाल्या, “कळेल हळूहळू.” घरी जाताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण लाजेपेक्षा राग मोठा होता.

बुधवारी मोठे डॉक्टर लांबच्या वस्तीवर तपासणीला गेले होते. दुपारी बाराच्या सुमारास फाटकात टेम्पो थांबला आणि दोघांनी एका माणसाला उचलून आत आणलं. तोंड सुजून भोपळ्याएवढं, डोळे मिटलेले, ओठ जाड झालेले. जुना माळा उघडताना गांधीलमाश्यांचं मोहोळ उठलं, असं आणणारे सांगत होते. सिस्टर नेहमीसारख्या पुढे झाल्या, शर्ट कापायला कात्री लावली, आणि शर्टाचं बटण पाहून थांबल्या. ते वेगळ्या रंगाचं बटण त्यांनीच रविवारी लावलं होतं.

साखरबाईंनी तोवर मांडीत इंजेक्शन दिलंसुद्धा. ऑक्सिजन लावला, सलाईन सुरू केलं. पण घशातून प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. सूज आत वाढली तर घसा बंद होणार, आणि त्याआधी नळी घालावी लागणार. सिस्टर नळीचा ट्रे घेऊन डोक्याशी उभ्या राहिल्या. एकोणीस वर्षांची ती त्यांची जागा. आणि ट्रेमधली हत्यारं वाजायला लागली. आधी त्यांना कळेना आवाज कुठून येतोय. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

साखरबाईंनी मान वर केली. त्या माणसाच्या बोटावरची पट्टी त्यांनीच बांधलेली होती. “सिस्टर, तुम्ही आत्ता सिस्टर नाही, बायको आहात. बाहेर बसा.”

हे वाक्यही सिस्टरांचंच. मोठ्या डॉक्टरांच्या आईला आणलं होतं तेव्हा त्यांनी खुद्द डॉक्टरांना असंच बाहेर काढलं होतं. मावशी तो किस्सा प्रत्येक नव्या डॉक्टरला रंगवून सांगायच्या. कॅज्युअल्टीत आपल्या माणसाला आपण हात लावायचा नाही, हा नियम सिस्टरांचा. ओळ नसेल तर एकटीने नळी घालायची नाही, त्याची राखणही सिस्टरांकडे. आत राहावं तर हात थरथरतात, बाहेर जावं तर वही आडवी येते. स्वतःच्या हाताने खणलेला खड्डा, दुसरं काय!

वॉर्डातली धाकटी सिस्टर धावत आली, तिच्या हातात त्यांनी ट्रे दिला. टेबलापाशी गेल्या, वही उघडली. ‘घाई करते’ यावर अशी रेघ ओढली की कागद फाटला. खाली लिहिलं, ‘एकटीला सोडायला हरकत नाही.’ अक्षर वेडंवाकडं, पण एवढी खरी ओळ त्यांनी आजवर लिहिली नव्हती. वही साखरबाईंना दिसेल अशी उघडी ठेवली आणि दार ओढून घेतलं.

बाकावर बसायची ही त्यांची पहिलीच वेळ. समोर बंद दार. या दाराकडे बघत लोक काय काय बोलतात, नवस काय बोलतात, शिव्या काय देतात, ते त्यांनी आतून खूप ऐकलं होतं. बाहेरून काहीच कळत नाही, हे मात्र आज कळलं. मावशी शेजारी येऊन बसल्या. 

आतून शिट्टी ऐकू येत होती. मग साखरबाईंचा आवाज. “तुमच्याकडे एकच काम.” मग क्षणभर थांबणं. “श्वास घ्यायचं. बाकीची कामं माझी.”

सिस्टर ताठ झाल्या. हे त्यांचं होतं. शब्द त्यांचे, मधलं थांबणं त्यांचं, शेवटी आवाज खाली आणणंसुद्धा त्यांचंच. एकोणीस वर्षं पेशंटच्या कानाशी वाकून त्या हेच म्हणत आल्या होत्या. गुरूची विद्या गुरूला! नवरा आत श्वासासाठी झगडतोय आणि बायको बाहेर बसून म्हणतेय, माझं वाक्य चोरलं. त्यांना स्वतःची शिसारी आली. आणि पुढच्याच क्षणी वाटलं, म्हणत राहा पोरी, थांबू नकोस, म्हणत राहा.

शिट्टी बारीक झाली. मग थांबली. सिस्टर उठल्या, पुन्हा बसल्या. दार उघडलं.

“नळी लागली नाही,” साखरबाई म्हणाल्या. त्यांचं कपाळ घामाने थबथबलं होतं. “दुसरं इंजेक्शन दिलं आणि नळी हातात धरून वाट पाहिली. आता श्वास मोकळा आहे.”

“किती वाट पाहिलीस?” सिस्टर पहिल्यांदाच अगंतुगं करत होत्या.

“चार मिनिटं. घालून टाकायचा फार मोह होत होता.”

चार मिनिटं. घाई करते म्हणे. सिस्टरांना हसू फुटलं आणि त्याच्यामागून रडू.

शुक्रवारी साखरबाई निघाल्या. बॅग दारात ठेवून त्यांनी वही चाळली, फाटक्या कागदावरून बोट फिरवलं. “सिस्टर, हे खोडलेलं खरं होतं का?”

“नाही,” सिस्टर म्हणाल्या. “माझ्या पोटात दुखत होतं.”

“मला वाटलंच,” साखरबाई म्हणाल्या आणि वाकून पाया पडल्या. आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं, याचाच सिस्टरांना राग आला. घरी नवरा सुजेतून उठला तो भेटेल त्याला सांगत सुटला, “डॉक्टरबाईंनी वाचवलं.” सिस्टर पोळपाट जोरात आपटायच्या, पण ताट उचलायच्या नाहीत.

महिन्याभराने चोविसावा आला. उंच, आणि हात थरथरणारा. त्याच्या दुसऱ्याच दिवशी धाप लागलेल्या एका आजींना आणलं. सिस्टर त्यांच्या कानाशी वाकल्या. “तुमच्याकडे एकच काम,” त्या म्हणाल्या, थांबल्या, “श्वास घ्यायचं. बाकीची कामं माझी.”

आजींनी मास्क जरासा वर केला. “त्या डॉक्टरबाई असंच म्हणायच्या,” धापा टाकत त्या म्हणाल्या. “त्यांच्याकडनं शिकलात होय?”

फरशी पुसणाऱ्या मावशींचा हात थांबला. सिस्टरांनी आजींचा मास्क नीट बसवला.

“हो,” त्या म्हणाल्या. “त्यांचंच आहे ते.”

मग नव्या डॉक्टरकडे वळल्या. “ऐकलंत ना? पाठ करा. आणि मधे थांबायचं विसरू नका.”