धनुबाईची मिरचीगल्ली

नंदुरबारच्या त्या गल्लीत धनुबाई मिरच्या कांडायची. ओट्याखाली, भर रस्त्यातच तिचं उखळ पुरलेलं होतं. खकाण्यानं येणारेजाणारे शिंकायचे, तिला शिव्या द्यायचे आणि तिच्याच ओट्यावर टेकायचे. समोर म्हातारा रेवजी बाज टाकून दिवसभर पडलेला असे. बायका तिथंच धान्य पाखडत, भांडत, लेकरांच्या उवा काढत. रस्ता जाण्यापेक्षा बसण्याचाच जास्त होता.

एकोणीसशे एकसष्ट साली गल्लीच्या टोकाला कापसाची जिनिंग उभी राहिली आणि ट्रक आत घुसू लागले. पहिल्याच महिन्यात दोन शेळ्या चिरडल्या. मग एका दुपारी सुपडू ड्रायव्हरनं ट्रक मागे घेतला आणि रेवजीची बाज त्याच्यासकट चाकाखाली गेली.

मुसळ टाकून धनुबाई धावली. म्हाताऱ्याच्या छातीचा चेंदा झाला होता. तिच्या मांडीवरच त्याचा जीव गेला.

तोवर लोकांनी सुपडूला खाली ओढलं होतं. चपला, काठ्या, दगड, ज्याच्या हाती जे येईल ते. त्याचे दात मातीत पडले, एक डोळा फुगून मिटला. तेवढ्यात रेवजीचा थोरला, भिकन, धनुबाईचंच मुसळ उचलून आला.

ती गर्दीत घुसली. "भिकन, ठेव ते! एक मुडदा पडना, तेवढा पुरे!"

"काकू, बाजूले व्हय! मन्हा बापले मारं त्यानी!"

"ट्रक आठे कोन धाडी ऱ्हायना, त्याले इचार ना!"

पण मुसळ खाली येऊ लागलं होतं. ती सुपडूवर आडवी पडली आणि घाव तिच्या खांद्यावर बसला. हाड काडीसारखं मोडलं. भिकननं मुसळ टाकलं आणि तो हंबरडा फोडून रडू लागला.

आठ दिवसांनी नगरपालिकेचा ओव्हरसिअर फीत घेऊन आला. ट्रकला जागा पुरत नव्हती, म्हणून ओटे पाडायचं घाटत होतं. तो चुन्यानं खुणा करू लागला, तशी हात गळ्यात बांधलेली धनुबाई फितीवर पाय देऊन उभी राहिली.

"साहेब, तुम्ही भिंती मोजी ऱ्हायनात. मानसे कोन मोजी? बठा आठे. सांजलोंग कोन कोन येस ते लिखा."

मागे वीसेक बायका उभ्या होत्या, काहींच्या हातात मुसळं. साहेब संध्याकाळपर्यंत बसला, भीतीनंच बसला. ट्रक नऊ, बैलगाड्या एकतीस, माणसं बाराशेच्या वर, असं लिहिता लिहिता मात्र त्याचं त्यालाच नवल वाटलं. जाताना त्यानं खुणा पुसायला लावल्या.

ओटे वाचले. नगरपालिकेनं ट्रक रेल्वेच्या रुळांच्या बाजूनं वळवले. हा लांबचा फेरा जिनिंगच्या मालकाला झोंबला. त्याच्या माणसांनी भरदिवसा येऊन पहारीनं उखळ फोडलं आणि आडव्या आलेल्या धनुबाईला लाथांनी तुडवलं. गल्ली त्यांच्यावर तुटून पडली. मिरचीची पूड डोळ्यांत गेलेले ते गडी भिंतींवर आपटत पळाले. दोघांची डोकी फुटली. त्यापायी भिकनला सहा महिने तुरुंगात काढावे लागले.

धनुबाईचा खांदा पुन्हा कधी वर झाला नाही. कांडणं सुटलं, ती रस्त्यातच गोणपाट टाकून सुकी मिरची विकू लागली. सुपडू गाव सोडून गेला. जाताना तो तिला भेटलाही नाही. कोणी तो विषय काढला की ती म्हणायची, "जाऊ दे. जित्ता गया ना."