तिनाचा केलेला आठ

ब्रेकबाईंचं खरं नाव फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. एकवीस वर्षं त्या लोकांना गाडी शिकवत होत्या. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय टेकवूनच सगळा रस्ता पार करायचा, अशी त्यांची रीत. त्यावरून हे नाव पडलं. समोरचा चुकणारच असं धरून चाला, हा त्यांचा पहिला धडा. तो रस्त्यापुरता ठेवणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. डॉक्टरांनी गोळी दिली की वेष्टन उजेडात धरून तारीख वाचणार. नवरा होता तेव्हा चिडवायचा, "मला होकार देतानासुद्धा चौकशी केली असशील!"

"केली होती," त्या म्हणायच्या. "दोन ठिकाणी."

पेट्रोलचा भाव चढत गेला तसं बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. शिकाऊ माणूस गाडी चालवतो कमी आणि बंद पाडतो जास्त. पहिल्या गिअरमध्ये रडतखडत चाललेली गाडी पेट्रोल नुसतं ढोसत असते. फी वाढवावी, तर पलीकडच्या क्लासने विजेवरची गाडी घेतलेली. दोन शिकाऊ आधीच तिकडे वळले होते.

"वहिनी, गाडी गॅसवर करून टाका," धाकटा दीर म्हणाला. त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. "निम्म्या खर्चात भागेल."

"भाऊजी, बाजारात हे टाकी-नळ्यांचं किट महाग आहे. तुमच्याकडे स्वस्त कसं?"

"घरच्या माणसाकडून काय नफा घ्यायचा?"

घरचं माणूस म्हटल्यावर बाईंच्या कपाळावर आणखी एक आठी चढली. पण तिसरा शिकाऊ गेला आणि त्यांनी नाइलाजाने चावी दिराच्या हातात दिली.

डिकीत टाकी बसली आणि त्या दिवसापासून बाईंना वास यायला लागला. साबणाचा फेस करून त्यांनी नळीच्या प्रत्येक सांध्याला लावून पाहिला. एक बुडबुडा आला नाही. दिराने पुन्हा सगळं उघडून दाखवलं. "वास गाडीत नाहीये वहिनी, तुमच्या डोक्यात आहे," तो म्हणाला, आणि जाऊबाई तोंडाला पदर लावून हसल्या. गाडीच्या काचा मात्र भर थंडीतही खाली असायच्या.

त्याच महिन्यात शिक्केवाले शिकायला आले. रबरी आणि धातूचे शिक्के कोरून देण्यात त्यांचा जन्म गेला होता. साठी उलटल्यावर गाडीची हौस आली. एका सकाळी शिकवणीच्या मधेच गॅस भरायचा होता. पंपावरच्या नियमाप्रमाणे दोघं खाली उतरले. बाईंनी सवयीने डिकी उघडून टाकीवर नजर फिरवली. शिक्केवालेही वाकले. टाकीवर शेवटच्या तपासणीची तारीख ठोकलेली होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक अगदी टाकीला लावलं.

"बाई, हा आठ मूळचा नाही."

"म्हणजे?"

"इथे सालात इंग्रजी तीन होता. डाव्या बाजूने दोन घाव घालून त्याचा आठ केलाय. बाकीचे आकडे कसे एका ठोक्यात उठलेत बघा. हे दोन घाव हातचे आहेत. कळू नये म्हणून वरून रंग फासलाय."

"थांबा, भरू नका!" बाई गॅस भरणाऱ्यावर ओरडल्या. पेट्रोलवर गाडी घेऊन त्या थेट तपासणी केंद्रात गेल्या. तिथे टाकी उतरवून, रिकामी करून आत दिवा सोडला. तपासणाऱ्याने नुसती मान हलवली. "आतून गंजलीये. मुदत कधीच संपलीये. भरलीत कशी इतके दिवस?"

गॅरेजकडे जाताना बाईंच्या डोक्यात एकच भुंगा होता: भाऊजींना माहीत होतं का?

दीर भडकलाच. "म्हणजे मी तुमच्या जिवावर उठलो होतो?"

"तसं मी म्हटलं नाही."

"मग माझ्याकडे बघताय कशा!"

"भाऊजी, जाऊबाईंच्या गाडीत कुठली टाकी आहे?"

जाऊबाई त्याच गाडीतून दोन्ही मुलींना शाळेत सोडायच्या. दीर धावत गॅरेजमागच्या घराच्या अंगणात गेला, डिकी उघडून नखाने रंग खरवडायला लागला. खाली तोच आठ. त्याने तिथल्या तिथे टाकीचा नळ बंद केला.

बाईंचा एक संशय तिथे फिटला. दुसरा त्यांनी जाऊबाई आणि गॅरेजच्या पोरांदेखत विचारूनच टाकला. "टाक्या विकणारा इतक्या स्वस्तात का देतोय, हे विचारलं होतंत?"

"नाही," तो खाली बघत म्हणाला. "विचारलं असतं तर घेता आल्या नसत्या."

विकणाऱ्याचा फोन बंद होता. तक्रार नोंदवून झाली. मग गॅरेजची वही काढून ते दोघं, अशी टाकी बसवलेल्या आणखी नऊ जणांच्या दारी गेले. बहुतेकांनी शिव्या घालून का होईना, गाडी आणून दिली. शेवटचा गडी भाड्याची गाडी चालवणारा. तो दार अडवून उभा राहिला.

"नवी टाकी माझ्या गळ्यात मारायची आहे ना? यात तुम्हाला किती सुटतात?"

दीर उसळणार, तेवढ्यात बाईंनी त्याला मागे सारलं. त्यांना त्या माणसाचं बोलणं मनापासून आवडलं होतं.

"माझ्यावर मुळीच विश्वास ठेवू नका," त्या म्हणाल्या. "तुमच्या पसंतीच्या केंद्रात जा. दोन ठिकाणी जा. फक्त तोवर गॅस भरू नका."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. तो खरोखरच दोन ठिकाणी जाऊन आला होता.

दिराने सगळ्यांना पदरमोड करून नव्या टाक्या बसवून दिल्या. पुढे कित्येक दिवस तो बाईंशी कामापुरतंच बोलायचा. अंगणातला तो प्रश्न सगळ्यांसमोर विचारला, हे त्याला लागलं होतं. बाईंनाही ते कळत होतं, पण माफी मागावी असं काही त्यांना सापडेना. जाऊबाई मात्र एका दुपारी एकट्याच आल्या आणि म्हणाल्या, "मला गाडीचं सगळं बघायला शिकवा. चालवता येते, बघता येत नाही."

बाईंनी त्यांना आधी बॉनेट उघडायला लावलं.