नाही दुखत, आई

दवाखान्याच्या बाकावर शेजारची बाई पोरीचे गुडघे दाबून पाहत होती. पोरीला सिकलसेल, हाडं-सांधे ठणकवणारा रक्ताचा आजार. धाकट्या भावाच्या मूळपेशी तिला दिल्या होत्या आणि आजार गेला, असं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं.

"दुखून राह्यलं का?"

"नाही दुखत, आई."

बाई मला म्हणाली, "भरती करतील या भीतीनं आधीही असंच म्हणे. उशी चावून पडून राहे."

मग मलाही पोरीचं हसू खरं वाटेना. बरं झालेलं आणि दुखणं लपवणारं लेकरू सारखंच हसत असेल, तर ओळखायचं कसं?

तेवढ्यात भावामागे धावताना ती पायरीवर पडली, कोपर खरचटलं आणि "आई, दुखते गं!" म्हणत तिनं सगळा दवाखाना डोक्यावर घेतला.

बाई लगेच उठली नाही. ते रडणं तिनं आधी नीट ऐकून घेतलं आणि मग हसली.