नाक धरून तांब्याभर पाणी
ओवा जळल्याचा वास आला, की गडमुडशिंगीतली बाळंतिणीची ती धुरानं भरलेली खोली आठवते. मी नवी नर्स होते. बाळ दोन घोट प्यायचं, की तोंड बाजूला करून रडायचं. “हिला दूधच न्हाय, पावडरचा डबा आणलाय,” सासूबाई म्हणाल्या. सून खाली मान घालून बसली होती. मी बघितलं, दूध भरपूर होतं. कोपऱ्यातल्या शेगडीवरच्या ओव्याच्या धुरीनं बाळाचं नाक चोंदलं होतं. मी तांब्या भरून सासूबाईंना दिला. “मावशी, नाक धरून हे सगळं प्या की.” चार घोटांत त्यांनी तांब्या खाली ठेवला, दम घेतला आणि शेगडी अंगणात नेऊन ठेवली. नाक साफ केल्यावर बाळ पोटभर प्यालं. आजही कुणी आईला दूध नाही म्हणालं, की मी आधी तांब्या मागते.