विसरलेलं विमान

सकाळी ताई ड्यूटीवरून आली आणि बशी भरून वाहिली तरी चहा ओततच राहिली. ती विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून विमानांना उतरायची परवानगी देते. तिथले दोघं नोकरी सोडून गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, म्हणून सध्या ती सलग दोन-दोन पाळ्या करते.

"काल मी एक विमान विसरले," ती म्हणाली. "वर घिरट्या घालत थांबा म्हणून सांगितलं आणि विसरूनच गेले. वैमानिकानं विचारलं तेव्हा आठवलं."

"साहेबांना सांगितलंस?"

"लेखी दिलं. म्हणाले, माणसंच नाहीत. तुम्हीही नाही म्हणालात, तर बसणार कोण?"

विमानात बसलं की आपण पट्टा बांधतो आणि खुशाल डोळे मिटतो. त्या झोपेसाठी खाली कुणीतरी जागं असतं. त्याला झोप मिळाली का, हे मी तरी कधी विचारलं नव्हतं.

दुपारी तिचा फोन वाजला. संध्याकाळच्या पाळीला कुणी नव्हतं.

"नको जाऊस," मी म्हणाले.

"मग त्या विमानांचं काय?"

तिनं चपला घातल्या आणि कठडा धरून, एकेक पायरी चाचपत ती जिना उतरली.