सुधाताईंचा घास

सुधाताईंना मी रोज दुपारी भरवायला जाते. अर्धांगवायूनंतर त्यांना गिळायला जड जातं, म्हणून मऊ भाताचा चमचा दिला की मी त्यांच्या गळ्याकडे बघत राहते. गळा हलला की मगच दुसरा चमचा.

आज गळा हललाच नाही. मी चमचा वाटीत ठेवला.

“ताई, गिळा ना.”

बऱ्याच वेळाने त्यांनी घास गिळला आणि अडखळत म्हणाल्या, “मुद्दाम थांबले. तू कधी माझ्या चेहऱ्याकडे बघतेस का, ते बघत होते.”

काळजीने माणसाची नजर किती अरुंद होते. सहा महिन्यांत त्यांच्या गळ्याची सुरकुती न् सुरकुती मला पाठ झाली. त्यांचे डोळे घारे आहेत, हे आज कळलं.

मी पुढचा चमचा दिला. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि माझी नजर पुन्हा खाली घसरली.