सदानंदच्या नावाची पुडी

बेल असताना दारावर थाप पडली, तेव्हाच अनुपमाने ओळखलं की गावाकडचं कुणीतरी आलंय. दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या त्यांच्या इमारतीत दार कुणी वाजवत नाही. डिलिव्हरीवालेसुद्धा बेल दाबून पिशवी उंबऱ्यात ठेवतात आणि लिफ्ट गाठतात. सकाळची घाई ऐन भरात होती. तव्यावर मुलाच्या, वेदांगच्या डब्याचं थालीपीठ होतं, नवरा प्रकाश चार्जर शोधत घरभर फिरत होता, आणि वेदांग एका पायात बूट घालून मोबाइलमध्ये बुडाला होता.

दारात सदानंद उभा होता. रात्रीच्या विमानाने आलेला, डोळे तांबारलेले, नव्या शर्टाच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. खाली कंपनीची पिकअप थांबली होती, म्हणून त्याने चप्पलही काढली नाही. कागदात बांधून वरून चिकटपट्टी गुंडाळलेली पुडी पुढे करत म्हणाला, "काकीने दिलीय. उकाळ्याची पूड. जपून आणलीय हो ताई, बॅगेत नाही टाकली, हातातल्या सॅकमध्ये ठेवली."

तिने चहाचं विचारलं, थालीपीठ तरी कागदात बांधून देते म्हणाली. पण खालून हॉर्न वाजला. "यल्ला, निघतो," म्हणत तो जिन्यानेच उतरला. लिफ्टची वाट बघणं त्याला कधीच जमलं नाही.

सदानंद अनुपमाच्या माहेरच्या गावचा, चिपळूणच्या पलीकडचा; तिच्या आईला तो काकी म्हणतो. अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर. पंचविशी ओलांडता ओलांडता इकडे आला आणि आता कानांवरचे केस पिकले. लग्न राहूनच गेलं. आई तो लहान असतानाच गेली, घर भावाचं आणि वहिनीचं. तो सुट्टीवर निघाला की दुबईपासून अबुधाबीपर्यंतच्या मराठी घरांतून फोन सुरू होत: येताना कुळीथाचं पीठ आणा, आमसुलं आणा, सासूबाई एक डबा देतील तेवढा घेऊन या. तो सगळ्यांना हो म्हणायचा. बॅगेचं वजन दुसऱ्यांच्या डब्यांनीच भरायचं. एकदा तो राहतो त्या कामगारांच्या कॅम्पच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याने बॅग उघडून लोणच्याची बरणी हुंगली आणि बोट घालून चाखलीही. ती गोष्ट त्याने अनुपमाला नक्कल करून सांगितली होती. सुट्टीवरून आलेल्याची बॅग तिथे हमखास उघडतात, हे त्या हसण्याच्या ओघातच तिला कळलं होतं.

वेदांगची बस गेली, प्रकाश गेला. अनुपमाने पुडी उघडून वास घेतला. धने, जिरे, बडीशेप, सुंठ, मिरी, वेलची आणि शेवटी किसलेलं जायफळ. आई सगळं निगुतीने वेगवेगळं भाजते, खलबत्त्यात जाडसर कुटते, चाळत नाही. डिसेंबरात इथली संध्याकाळ बोचरी होते, वाळवंटावरून सुटलेला वारा बाल्कनीचं दार खडखडवतो. तेव्हा हा उकाळा लागतोच.

तेवढ्यात आईचा फोन आला. पूड पोचली का, सदानंद दमला होता का, असं सगळं विचारून झालं. मग आई आपणहून म्हणाली, "त्यालाही दिलीय हो एक पुडी. वेगळी. रात्री झोप येत नाही म्हणाला, खोलीत सहा जण, कुणाची ना कुणाची शिफ्ट चालूच. म्हणून त्याच्या पुडीत खसखस घातली चांगली मूठभर. तुझ्या पुडीत नाही घातली, तुमच्याकडे आवडत नाही ना."

अनुपमा ओट्याला टेकली.

खसखस म्हणजे अफूचं बी, म्हणून ती इथे आणता येत नाही. घरात बाळगता येत नाही, बॅगेत सापडली तर पोलिसापर्यंत प्रकरण जातं. इथे राहणाऱ्या प्रत्येक घराला हे पहिल्याच महिन्यात कळतं. सदानंदलाही ते पक्कं माहीत होतं. तोच नव्या पोरांना बजावायचा. पण काकीने मायेने बांधलेली पुडी कोण सोडून बघतो? आणि आईला तरी कसं कळावं? अनुपमा नवी नवरी होऊन इकडे आली, तेव्हा आईने विमानाची, उन्हाची, परक्या मुलखाची इतकी धास्ती घेतली होती, की स्वयंपाकघरातल्या एका दाण्यावरून माणूस तुरुंगात जातो हे तिला सांगवलंच नाही. आम्हाला खसखस आवडत नाही, एवढं सांगून ती मोकळी झाली होती. आईने ते इमानाने पाळलं, फक्त लेकीच्या पुडीपुरतं.

तिने आईला काही कळू दिलं नाही. कशीबशी दोन वाक्यं बोलून फोन ठेवला आणि सदानंदला लावला. बंद. गावी असताना त्याचं इथलं रिचार्ज संपलेलं असणार. व्हॉट्सॲपवर इथे कॉल लागत नाही, निरोप तेवढा जातो. तिने व्हॉइस नोट रेकॉर्ड केली आणि पाठवायच्या आधीच पुसली. सदानंद व्हॉइस नोट नेहमी स्पीकरवर लावतो, पिकअपमध्ये आणखी चार माणसं बसलेली. मग लिहायला घेतलं. खसखस हा शब्द लिहिला, खोडला. शेवटी एवढंच पाठवलं: "काकीची पुडी उघडू नका. आधी मला फोन करा."

एकच करडी टिक दिसली.

मग तिने प्रकाशला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. बाहेर येऊन, सगळं ऐकून दबक्या आवाजात म्हणाला, "अनु, लिहून काही ठेवू नकोस. आणि एअरपोर्टवरून तो सुटलाय ना, मग खलास. आता कोण बघतंय?"

"कॅम्पच्या गेटवर बघतात."

 दुसरा कॉल आहे म्हणून प्रकाशने फोन ठेवला.

दिवसभर तिचा पाय एका जागी ठरेना. कपडे मशीनमध्ये टाकले, बटण दाबायचं राहिलं. वरणाला फोडणी दिली, हिंग विसरली. दर थोड्या वेळाने फोन उचलायचा, ती एकुलती टिक बघायची आणि पालथा ठेवायचा. पिकअप आता कुठे असेल, गेटवर कोण असेल, लोणचं चाखणारा तो माणूस पुडी सोडून आत बोट घालेल का, हे सगळं डोळ्यांपुढे फिरत राहायचं. सदानंदचा चेहराही दिसायचा. पकडलं तर तो काकीचं नाव सांगणार नाही, याची तिला खात्री होती. टॅक्सी करून मुसफ्फाला जावं असंही मनात आलं. पण गेटवर उभं राहून काय सांगायचं?

शाळेतून आलेल्या वेदांगने आईला चौथ्यांदा बाल्कनीतून आत-बाहेर करताना पाहिलं. "मॉम, यू ओके? सिट डाऊन फॉर वन मिनिट." ती बसली, आणि लगेच उठली.

सूर्य मावळला तसा वारा सुटला. हाताला काम हवं म्हणून तिने उकाळा ठेवला. पाण्यात आलं ठेचून टाकलं, गवती चहाची पात गाठ मारून सोडली, आईची पूड दोन चमचे, गूळ. घरभर वास सुटला. गूळ घातला की गॅस बंद करायचा, उकळी बसू द्यायची, मगच दूध, हे तिला झोपेतही चुकायचं नाही. आज उकळी फुटत असतानाच तिने दूध ओतलं आणि सगळं फाटलं. पातेल्यात चोथापाणी झालेल्या त्या रसायनाकडे ती बघत उभी असतानाच अनोळखी नंबरवरून फोन वाजला.

"ताई, सदानंद. दोस्ताच्या फोनवरून बोलतोय. आत्ता वायफाय लागलं, तुमचा मेसेज बघितला. काय झालं? काकी बऱ्या आहेत ना?"

"आई बरी आहे. पुडी कुठे आहे?"

"हातात. सगळी मंडळी दूध तापवून बसलीत. म्हटलं, आज तुम्हाला गावचा उकाळा पाजतो."

"बाजूला जाऊन बोला, सदाभाऊ."

चपलांचा आवाज झाला, एक दार लागलं, मागचा गलबला कमी झाला. तिने सांगितलं. खसखस, मूठभर, झोप लागावी म्हणून. 

"गेटवर बॅग उघडली होती, ताई," तो म्हणाला. "सॅक माझ्या खांद्यावर होती, पुडी त्यातच. तो म्हणाला, हबीबी, इसमें क्या? मी म्हटलं, चाय का मसाला. म्हणाला, जा."

अनुपमाने ओट्याची कड घट्ट धरली. "आत्ताच्या आत्ता संडासात ओता. कागदसुद्धा ठेवू नका. पाणी दोन-तीनदा सोडा."

तो फोन चालू ठेवूनच गेला. पाणी सुटल्याचा आवाज आला, पुन्हा आला, मग आणखी एकदा. तिच्या खांद्यांतला ताण तेव्हा कुठे उतरला. प्रकाश मघाशीच येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला होता. तिने त्याच्याकडे बघून मान हलवली. त्याने फाटलेल्या उकाळ्याचं पातेलं सिंकमध्ये रिकामं केलं.

"झालं," सदानंद म्हणाला. "मंडळींना सांगतो, पुडी भिजली. आज साध्या चहावर भागवू."

"चुकलं हो आमच्याकडून. मी आज रात्रीच आईला सगळं नीट सांगते. पुन्हा असं व्हायला नको."

"सांगा. खसखशीचं जरूर सांगा, पुढे कुणाच्या तरी बॅगेत जाईल. पण ताई, इतकी वर्षं मी सगळ्यांच्या पुड्या आणतोय. कुणाची आई, कुणाची सासू, आपापल्या माणसाचं नाव घालून देतात. या वेळी काकीने दोन पुड्या दिल्या. एकीवर पेनाने लिहिलेलं, अनु. दुसरीवर सदानंद. मी विमानात दोनदा काढून बघितलं."

 कागदसुद्धा ठेवू नका, हे मघाशी अनुपमाच म्हणाली होती.

"माझ्या पुडीतून डबा भरून ठेवते तुमच्यासाठी," ती म्हणाली. "रविवारी या."

"येईन की. पण काकी विचारतील तुम्हाला, सदानंदला झोप लागली का म्हणून. त्यांच्या जिवाला लागेल असं काही नको. फेकली म्हणून सांगू नका, ताई. उकाळा प्यायला म्हणून सांगा."